आत्याबाईंचा आजार आणि माझी पाटी

माझ्या हातून एकदा मोठा गाढवपणा झाला, तो आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर तुम्ही ते बेतानंच मनावर घ्याल. घरात मरणाचं दुखणं आलं होतं आणि मी बाहेरच्या दाराला पाटी टांगली: "भेटण्याची वेळ पाच ते सहा. आजाराविषयी बोलू नये. हुकुमावरून."

हुकूम कोणाचा, ते विचारू नका. मी वीस वर्षांची होते. अकोल्याहून अमरावतीला सून होऊन आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि मी सातवी पास होते. सातवी! आमच्या त्या गल्लीत बायकांमध्ये तेवढं शिकलेली मी एकटीच, त्यामुळे मान अशी ताठ असायची की डोक्यावर घागर नसतानाही लोकांना घागर दिसावी. अक्षर मात्र सुंदर होतं हो. त्या पाटीवरचं अक्षर पाहून खुद्द मलाच गहिवरून आलं होतं.

आमचं घर भाजीवाल्यांचं. शहराच्या कडेला विहिरीवरचं दोन एकर वावर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि माझे यजमान तिथं वांगी, मेथी, शेवंती काढायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते सगळं बाजारात बसून विकायच्या. तीस वर्षं एकाच जागी, एकाच पोत्यावर. डावीकडे कांदेवाली, उजवीकडे मिरचीवाली, समोर कोथिंबीरवाली म्हातारी. मेथीची जुडी उचलून कोणी परत ठेवली की आत्याबाई त्याच्या घरात आज सुनेनं काय शिजवलं इथपासून चौकशी सुरू करायच्या. बोलणं हा त्यांचा धंदाही होता आणि श्वासही.

त्या श्वासालाच लागलं. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. खोकला भादव्यात धरला तो दिवाळी झाली तरी सुटेना. अडुळसा झाला, खडीसाखर झाली, शेजारणींनी आडून टीबीचं नाव घेऊन झालं. मग एक दिवस भर बाजारात थुंकीत रक्त दिसलं आणि सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो पाहून आम्हाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं डॉक्टरांनी तो काळा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. ज्या बाईच्या पदराखालचं मी दोन वर्षांत काही पाहिलं नाही, तिची छाती आतून दिसत होती. फासळ्या कशा, वाफे पाडल्यासारख्या सारख्या अंतरावर. मधे काळजाची सावली. आणि उजव्या बाजूला वर, लिंबाएवढा पांढरा गोळा. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी नवल वाटलं. रोज माझ्यावर ओरडणाऱ्या बाईच्या आत इतकं नाजूक काही असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आत्याबाई पुढे वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी भाजी विकतो. वांगं हातात घेतलं का आतून किडलं हाये का नाही, ते मले समजते. तुमी लपवू नका."

डॉक्टरांनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"बाई, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "शेक देऊ. त्यानं आराम पडेल. पुरता बरा होईल असं मी म्हणत नाही. शेकाचा नंबर दोन महिन्यांनी लागेल."

"बरं झालं, खरं बोलले," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून उठल्या.

पाहा म्हणजे. जिचा रोग तिनं न डगमगता ऐकून घेतला. ऐकवेना ते मला. परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी नुसत्या स्टेशनांच्या पाट्या वाचत बसले. घरी आल्यावर बातमी बाजारभर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. आमच्याकडची माणसं बोलायला रोखठोक. "आमच्या मामालेबी असंच झालं होतं, पोळ्यापर्यंतबी टिकला नाही," हे त्यांचं सांत्वन. तो शब्द कोणी उच्चारला की मी चुलीशी जाऊन भांडी आपटायची. शाळेत घरकामाच्या पुस्तकात वाचलं होतं, रोग्याचं मन प्रसन्न ठेवावं. झालं! या सातवी पास बाईनं पाटी काढली, खडू घेतला आणि हुकूम सोडला.

ज्यांना वाचता येत नव्हतं, म्हणजे सगळ्यांनाच, त्यांना मी दारात अडवून वाचून दाखवायची. तेही हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

मग पाच ते सहा काय व्हायचं ते ऐका. बायका भिंतीला टेकून बसायच्या आणि आढ्याकडे बघायच्या. कांदेवाली घसा खाकरायची आणि खाकरल्याबद्दल माझ्याकडे बघून दचकायची. एकदा कोथिंबीरवाली म्हातारी बराच वेळ गप्प बसली, तिला ते सोसेना, म्हणून तिनं म्हशीचं काढलं. म्हैस चारा खात नाही, म्हैस खोकून राहिली... मी लगेच डोळे वटारले. म्हशीचा आजार सुद्धा आजारच की! म्हातारी उठली आणि काठी आपटत निघून गेली.

महिन्याभरात कोणी येईना. मला वाटलं, छान, शांतता झाली.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. एकदा खाटेवरून त्यांनी विचारलं, "त्या पाटीवर काय लिवलं वं?"

"दवाईच्या वेळा लिहिल्या, आत्याबाई." खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. शिक्षणाचा उपयोग, दुसरं काय.

त्या दाराकडे तोंड करून पडायच्या. "आज बाजार नाही का?" असं विचारायच्या. पुढे विचारणंही बंद झालं आणि दाराकडचं तोंड भिंतीकडे झालं. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मग एका सकाळी मी झाडायला खाटेखाली वाकले तर तिथं त्यांचा पितळी पेला, ताटली आणि वाटी, वेगळी लावून ठेवलेली. मी ठेवली नव्हती. कोणीच ठेवली नव्हती. त्यांनीच रात्रीतून आपली भांडी वेगळी काढली होती.

"हे काय आत्याबाई?"

"लोक भेतात माह्या रोगाले. त्याइची काय चुकी? तूबी जपून राहत जाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तीस वर्षांच्या सोबतीची माणसं आपल्याला टाकून गेली, असं समजून ती बाई मरायला निघाली होती, आणि खरं काय ते जगात मला एकटीला माहीत होतं. मी पेला उचलून पुन्हा फडताळात ठेवला. एवढीच माझी हिंमत. पाटी काढली असती तर का काढली हे सांगावं लागलं असतं ना!

दोन महिन्यांनी नंबर लागला. नागपूरला धर्मशाळेत खोली घेतली आणि रोज दवाखान्यात शेकाला जायचं. शेक म्हणजे गरम पिशवीचा नव्हे. मोठ्या यंत्राखाली निजवतात, सगळे बाहेर जातात, दार लावतात आणि दिसत नाही अशा उजेडानं आतला गोळा भाजतात. नेम चुकू नये म्हणून छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखतात. मी दाराबाहेर उभी राहून त्या न दिसणाऱ्या उजेडाला नमस्कार करायची. हसू नका, मी अजूनही करीन.

व्हरांड्यात लांब बाक होता. चौथ्या दिवशी शेजारी एक चाळिशीची बाई येऊन बसली. काळी, किडकिडीत, डोळे मात्र भलते जागे. तिनं आत्याबाईंच्या गळ्याशी पोलक्यातून डोकावणारी जांभळी रेघ पाहिली.

"तुमालेबी रेघा मारल्या का बाई?"

आत्याबाई दचकून पदर ओढायला लागल्या.

"झाकता कायले? माह्या तं छातीवर पटवाऱ्यानं वावराचा नकाशा काढला." आणि ती स्वतःच खुदकन हसली. हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर राहिलेलं हसून घेतलं.

ती अकोल्याची. जिनिंगात कामाला, सरकी निघाल्यावरची रुई उचलायची. "मले वाटलं छातीत रुई बसली. फोटो काढला तं गाठ निघाली. तुमचं कोन्या अंगाले हाये?"

मी मधे पडले. "बाई, आजाराचं नका बोलू. डॉक्टरांनी..."

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाजीच्या ढिगात तोंड घालणाऱ्या गाईकडे बघतात.

"उजव्या," आत्याबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मी बाजारातला ऐकला.

"माही डाव्या. बसा मंग, जोडी जमली."

आणि मग ती बाई सांगत गेली. रेघा पुसू देऊ नका. साबण लावू नका. बाराव्या-तेराव्या दिवशी घसा असा जळते का भाकर उतरत नाही, तवा ताकातल्या ज्वारीच्या कण्या खा, रडत बसू नका. कातडी काळी पडन, भाजल्या वांग्यावानी, तं भेऊ नका. छप्पन साली ती याच नागपुरात दीक्षेला आली होती, पोर कडेवर घेऊन दिवसभर चालली, दम लागला नाही, आणि आता बाकापासून नळापर्यंत तीनदा थांबते. मग तिनं डबा उघडला आणि म्हणाली, "आमी बुद्धाचे हाओ बाई. तुमाले चालत असन तं घ्या."

आमच्या गल्लीत त्या काळी यावरून पाण्याचे घडे फुटले असते. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"डब्यात काय हाये?" आत्याबाईंनी विचारलं.

"बरबट्टीच्या शेंगाची भाजी."

"दे इकडे. मीठ कमी असन तं सांगीन."

आमच्याकडे वानोळ्याची रीत आहे. वावरातलं नवं काही निघालं की टोपलीभर शेजारीपाजारी, लेकीबाळींकडे पाठवायचं, आणि ज्याच्याकडे टोपली गेली त्यानं ती रिकामी परत करायची नाही. मूठभर डाळ, दोन लिंबं, काहीतरी घालायचंच. खाऊन झाल्यावर आत्याबाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तू इतकं सांगतलं. तुही टोपली मी रिकामी कशी धाडू?"

आणि त्या सांगू लागल्या. मी दोन वर्षं त्यांच्या घरात होते, पण त्यातलं निम्मं मी कधी ऐकलं नव्हतं. बाकावरच्या इतर बायका सरकत सरकत जवळ आल्या. आत्याबाई खोकत होत्या, थांबत होत्या, आणि थांबल्या की अकोलेवाली "हं" म्हणायची. फक्त "हं". त्या एका अक्षरावर माणूस किती दूर चालून जातो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "रोगाचं काई नाही. होते मानसाले. पन माह्या बाजारातल्या बाया, तीस वर्सं एकमेकीच्या पोत्यावर बसलो, त्याइनं पाठ फिरवली. हे काई माह्या घशाखाली उतरत नाही बाई."

अकोलेवाली "हं" म्हणाली नाही. आणि माझ्याच तोंडून आवाज निघाला.

"त्यांनी नाही फिरवली, आत्याबाई. मी हाकललं त्यांना."

मग सगळं सांगितलं. पाटी, पाच ते सहा, हुकूम, म्हैस, दवाईच्या वेळा. आधी अकोलेवाली हसली. "हुकुमावरून!" म्हणून तिनं मांडीवर थाप मारली. बाकभर हशा झाला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या नावाचा पुकारा झाला आणि त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या. जड दार लागलं. तेवढा वेळ मी जगातल्या सगळ्या देवांना हाक मारली आणि एकालाही तोंड दाखवायची माझी सोय नव्हती.

बाहेर आल्या. पदर सारखा केला. "कोथिंबीरवालीबी पुन्हा आली होती?"

"म्हशीच्या दिवसानंतर दोनदा आली. दोन्ही वेळा दारातूनच परत गेली."

"काय म्हने?"

मी मान खाली घालून सांगितलं, "म्हणाली, बिमार मानसाजवळ आजाराचं बोलू नाही, तं का लगनाचं बोलू?"

आता मात्र आत्याबाई हसल्या. इतक्या हसल्या की नर्स धावत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंच नाही.

शिक्षा झालीच. सहा आठवड्यांनी अमरावतीला परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मला बाजारात धाडलं. "लिवता येते तं सांगताबी येत असन. जा, येकीयेकीले सांग." भाजीची ती पूर्ण ओळ मी कांद्यापासून कोथिंबिरीपर्यंत माफी मागत चालले. "अवं, सातवीत हेच शिकवतात का?" "मले तं वाटलं कलेक्टरचा हुकूम हाये." "मंग आता लेखी पाह्यजे आमाले!" कोथिंबीरवालीनं माल झाकला, काठी घेतली आणि भर बाजाराच्या वेळी आमच्या घराकडे चालू लागली.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं मला कळत नाही. संध्याकाळी बाजार उठला की बायका उरलेली भाजी घेऊन यायच्या आणि बोलायच्या. कांदेवालीचं पहिलं बाळ कसं गेलं. मिरचीवालीचा नवरा टीबीनं दोन वर्षं कसा झिजला आणि तिनं ते गिऱ्हाइकांना कळू दिलं नाही, कारण मिरची कोणी घेतली नसती. मी या बायकांना मापात मारणाऱ्या, भांडखोर, अडाणी समजत होते. त्या ओळीत इतकं दुःख रोज सकाळी मांडून बसत होतं आणि वरून ताजी भाजी पाणी शिंपडून ठेवलेली होती. आत्याबाईंचा रोग काही कमी होत नव्हता, पण त्या पोटभर जेवायला लागल्या. दमायच्या, तक्क्याला टेकायच्या आणि "हं" म्हणायच्या. तो "हं" अकोल्याचा होता.

अकोलेवाली एसटीनं दोन-तीनदा आली. मी माहेरी गेले की तिच्याकडे वांगी-मेथीची टोपली पोचवायची. तिनं टोपलीत एकदा रुईची लहान उशी घालून पाठवली, रात्री दम लागला की पाठीशी घ्यायला. तिच्या बिऱ्हाडात पाणी प्याले म्हणून माझ्या आईनं मला अंगणात आंघोळ करायला लावली. ते ऐकून अकोलेवाली म्हणाली, "चांगलं झालं, उन्हाळा हाये."

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी ती गेली. त्या संध्याकाळी आत्याबाई ती रुईची उशी पाठीशी घेऊन पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र बायका जमल्यावर त्यांनी तिची गोष्ट सांगितली, तिच्याच ढंगात, पटवाऱ्याच्या नकाशासकट. बायका हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावले. मेलेल्या माणसावर हसू येतं आणि ते पाप वाटत नाही, हे मला नवीन होतं.

थंडी पडता पडता आत्याबाईंचा आवाज गेला. गाठीनं आवाजाची शीर दाबली, असं डॉक्टर म्हणाले. नुसती फुसफुस उरली. ज्या बाईचा पुकारा बाजाराच्या टोकाला ऐकू जायचा, तिचं बोलणं ऐकायला कान ओठांजवळ न्यावा लागायचा.

तेव्हाच मोर्शीहून एक बाई आली. नवरा तिला घेऊन आला होता, संत्र्यांच्या बागेत राखणीला असायचा. तिचा फोटो आठवड्यापूर्वीच निघाला होता. नागपूरच्या व्हरांड्यात कोणीतरी सांगितलं म्हणे, अमरावतीच्या एका भाजीवालीकडे जाऊन या. बाई दारातच बसली, तोंडात पदराचा बोळा, आत यायला तयार नाही.

आत्याबाईंनी मला खुणेनं बोलावलं. फुसफुसल्या, "सांग तिले."

"काय सांगू?"

"माहं. सगळं."

ज्या दारात मी लोकांना अडवून हुकूम वाचत होते, तिथंच मी त्या बाईसमोर मांडी घालून बसले. म्हटलं, भादव्यात खोकला लागला. म्हटलं, भर बाजारात रक्त पडलं, आत्याबाई घाबरून रडायला लागल्या. मग फोटोचं सांगितलं, वांग्याचं सांगितलं, रेघांचं, ताकातल्या कण्यांचं, अकोल्याच्या बाईचं. कुठं थांबावं ते मला कळेना आणि त्या बाईनं हळूहळू तोंडातला पदर काढला. केव्हातरी ती उंबऱ्याच्या आत आली होती. मी तिला येताना पाहिलंच नाही. खाटेच्या पायाशी बसून ती आत्याबाईंकडे बघत होती, जसं मी त्या उजेडाच्या पेटीकडे पाहिलं होतं तसंच. "घसा जळते तवा लेकराले हाक कशी मारू मंग?" असं तिनं विचारलं, आणि आत्याबाईंनी ताटलीवर चमचा वाजवून दाखवला.

ती दोघं गेल्यावर मी उठून खाटेशी गेले. मनातून जरा फुगलेच होते. म्हटलं, "बरं सांगितलं ना, आत्याबाई?"

त्यांनी माझा कान धरून ओठांजवळ ओढला.

"बरं सांगतलं. पन रगत पडलं तवा मी रडली नोयती. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याले आधी वांगे तोलून देल्ले, वर दोन जास्तीचे टाकले, मंग रडली. हे सोडत नको जाऊ पोरी. पुढच्या बाईले हेच कामी पडन."